चीक उततो, दाणा बाधतो

वाचकांच्या प्रश्नोत्तरांत या खेपेला काजू, बिबा, आंबा आणि चारोळीच्या ॲलर्जीबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. ही चारही झाडं एकाच कुळातली. पिस्ताही त्यातलाच आणि बांधावरची मोईसुद्धा. पत्रांमध्ये एक घोटाळा पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणून तो आधीच सोडवून घेऊ. या झाडांपासून दोन वेगळे त्रास होतात. टरफलात, सालीत आणि देठात तेलकट चीक असतो. तो कातडीला लागला की एक-दोन दिवसांनी पुरळ उठतं, फोड येतात, पाणी सुटतं. आपण म्हणतो, ‘उतला’. हा त्रास पंधरा-वीस दिवस छळतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. दुसरा त्रास आतल्या दाण्यातल्या प्रथिनांचा. तो खाल्ल्यावर काही मिनिटांत सुरू होतो आणि श्वास बंद पाडू शकतो. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की फसगत होते.

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा, वजन १५ किलो. लग्नात काजू कतलीचा नखाएवढा तुकडा खाल्ला आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, दोनदा उलटी झाली. मेडिकलमधून ॲलर्जीचं पातळ औषध आणून पाजलं, दीड तासात उतरलं. घरचे म्हणतात उष्ण पडलं, थोडं थोडं देत गेलं की सवय होईल. खरं आहे का?
(एक पालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : घरी थोडं थोडं देणं आजपासून बंद. सवय लावण्याची उपचारपद्धत आहे, पण ती ॲलर्जीतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, मिलिग्रॅममध्ये मोजलेल्या मात्रेने आणि इंजेक्शन हाताशी ठेवून करतात. स्वयंपाकघरात चिमटीने मोजून करायचं ते काम नाही.

तुमच्या मुलाला जे झालं ते नुसतं ‘अंगावर पित्त उठणं’ नव्हतं. कातडी आणि पोट अशा दोन ठिकाणी एकाच वेळी लक्षणं आली. नेहमी बाधणारा पदार्थ पोटात गेल्यावर असं झालं, तर डॉक्टर त्याला ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे सगळ्या अंगाला धरणारा, जिवावर बेतू शकणारा ॲलर्जीचा झटका धरतात, मग श्वास नीट चालू असला तरी. या वेळी आपोआप उतरलं, म्हणून पुढच्या वेळीही उतरेल असं धरून चालू नका. काजूची ॲलर्जी या बाबतीत दगाबाज आहे. अगदी कमी मात्रेत जोराचा झटका येतो, आणि भाजल्याने किंवा शिजवल्याने ही प्रथिनं निरुपद्रवी होत नाहीत.

ॲलर्जीचं पातळ औषध खाज आणि गांधी कमी करतं. घशाची सूज उतरवणं किंवा पडलेलं ब्लड प्रेशर वर आणणं त्याला जमत नाही. ते काम ॲड्रेनालिनच्या इंजेक्शनचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते असायला हवं. आजच जाऊन विचारा : ॲड्रेनालिन आहे का, रात्री कोण असतं? मात्रा दर किलो वजनाला ०.०१ मिलिग्रॅम. ॲम्प्यूल १ मिलीत १ मिलिग्रॅमचं असतं, म्हणजे १५ किलोच्या मुलाला ०.१५ मिली. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत द्यायचं. दंडात नाही, कातडीखाली नाही. उतार पडला नाही तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा तेवढंच. परदेशात मिळतो तसा ॲड्रेनालिन भरलेला तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून बालरोगतज्ज्ञाकडून मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहिलेली चिठ्ठी घ्या आणि ती आरोग्य केंद्रात, अंगणवाडीत आणि तुमच्या मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवा. वजन वाढेल तशी चिठ्ठी बदला.

झटका आल्यावर १०८ला फोन करा. मुलाला आडवं ठेवा, पाय उशीवर. दम लागत असेल तर बसतं ठेवा, उलटी होत असेल तर कुशीवर. उचलून उभं करू नका, चालवू नका. रक्तदाब पडलेला असताना एकदम उभं केल्याने जीव गेल्याची उदाहरणं आहेत. मोटरसायकलवर मध्ये बसवून नेणं म्हणजे बसतं आणि हेलकावत नेणं. दुसरं वाहनच नसेल तर नाइलाज, पण जीप मिळत असेल तर मागच्या सीटवर झोपवून न्या. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबा, कारण उतरलेला झटका कधी कधी दुसऱ्यांदा उसळतो.

आता टाळायचं काय? काजू कतली ओळखू येते, काजूची पेस्ट येत नाही. लग्नाच्या पंगतीतल्या पनीरच्या घट्ट रश्श्यात काजू किंवा मगज वाटून घातलेला असतो. आचाऱ्याला ‘काजू आहे का’ असं विचारलं तर ‘वरून नाही टाकला’ असं उत्तर मिळतं. ‘वाटणात काय काय आहे’ असं विचारा. मिठाईच्या दुकानात एकाच सुरीने कतली आणि खव्याची बर्फी कापतात, म्हणून सुटी मिठाई नकोच. पाकीटबंद मालावर काजू-बदाम वर्गातल्या पदार्थांची सूचना छापणं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनी बंधनकारक आहे, ती बारीक अक्षरातली ओळ दर वेळी वाचा. कंपन्या घटक बदलतात. महालक्ष्म्यांच्या जेवणातली खीर, गणपतीची खिरापत आणि शाळेतल्या वाढदिवसाचं चॉकलेट या तीन ठिकाणी हमखास चूक होते.

पिस्ता पूर्ण बंद. काजू आणि पिस्त्याची प्रथिनं इतकी सारखी की एकाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना दुसराही बाधतो. गोडंबी (बिब्याच्या आतला गर) आणि चारोळी त्याच कुळातल्या, म्हणून तपासणी होईपर्यंत त्याही नकोत. हिवाळ्यात घरात गोडंबीचे लाडू झाले तर मुलाचा डबा वेगळा ठेवा. शेंगदाणा मात्र कडधान्याच्या कुळातला, त्याचा काजूशी संबंध नाही. आतापर्यंत निर्धास्त खात आला असेल तर चालू द्या. नाहीतर वऱ्हाडात खायला उरतं काय?

दूध-अंड्याची ॲलर्जी मुलं वाढता वाढता बरीचशी विसरतात. काजूची बहुतेकदा टिकते.

प्रश्न : आमच्या घरी बिबे फोडून गोडंबी काढतात. माह्या हातावर आठ दिवसांपासून काळे डाग पडले अन् बाजूनं फोडं आले, आता मानेवर अन् पोटावर बी उठून रायले. सासूबाई म्हणते बिबा उतला, खोबऱ्याचं तेल लाव. तेल लावून लावून थकली, पन खाज काही थांबून नाही रायली. लेकराले दूध पाजते, त्याले तर नाही ना लागनार?
(एक भगिनी, जि. वाशीम, पत्र जसंच्या तसं)

उत्तर : सासूबाईंनी नाव बरोबर सांगितलं. डाग काळे आहेत कारण बिब्याचा रस हवा लागली की काळा पडतो. धोबी कपड्यांवर खुणा करायला तो वापरत, तो याच गुणामुळे. तो डाग सालपट निघेल तसा जाईल, घासू नका.

तुमच्या हातावर दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या आहेत. चीक थेट लागला तिथे भाजल्यासारखी इजा, आणि आजूबाजूला त्या चिकाची ॲलर्जी. मानेवर, पोटावर उठलं ते फोडातल्या पाण्याने पसरलं असं सगळ्यांना वाटतं. फोडातलं पाणी पसरवत नाही आणि त्याने बाळालाही होणार नाही. पसरवतो तो नखात, पदराला आणि हातोडीच्या दांड्याला राहिलेला चीक. तो वाळला तरी कित्येक महिने उततो. जिथे कातडी पातळ तिथे लवकर उठतं आणि तळहातावर उशिरा, म्हणून ‘रोज नवीन ठिकाणी येतंय’ असा भास होतो. बाळाला धोका आहे तो बिबे फोडताना नेसलेल्या लुगड्याचा. ते बदलून, कोपरापर्यंत हात आणि छाती साबणाने धुऊन मगच बाळाला जवळ घ्या.

आत्ता काय करायचं :

पहिलं, पूर्ण बरं होईपर्यंत बिबा फोडणं थांबवा. जुन्या फोडांवर नवा चीक म्हणजे महिनाभराची बेगमी.

फोडांतून पाणी सुटतंय तोवर तेल किंवा मलम चोपडू नका. उकळून गार केलेल्या पाण्यात धुतलेलं सुती फडकं भिजवून, हलकं पिळून, १५ ते २० मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. दर वेळी फडकं स्वच्छ. फोड फोडू नका. पाणी आटलं की कॅलामाइन लोशन. खाज जास्त असेल तर डॉक्टर हातासाठी तीव्र स्टेरॉइड मलम देतात, ते सांगतील तितकेच दिवस. हेच मलम चेहऱ्याला किंवा जांघेत लावायचं नाही, कातडी पातळ होते. स्तनाच्या जवळपास लावायची वेळ आली तर बाळ अंगावर पितं हे डॉक्टरांना सांगा. ॲलर्जीच्या गोळीने झोप लागेल, पुरळ जाणार नाही.

चेहरा किंवा डोळे सुजले, गुप्तांगावर उठलं किंवा अंगाचा मोठा भाग व्यापला, तर पोटातून स्टेरॉइड लागतं. इथे एक नेहमीची चूक होते. पाच दिवसांच्या गोळ्या मिळतात, तिसऱ्या दिवशी बरं वाटतं, गोळ्या संपल्या की पुरळ दुप्पट जोराने परत येतं. मग ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून मांत्रिक. हा कोर्स साधारण दोन-तीन आठवड्यांचा आणि हळूहळू कमी करत नेण्याचा असतो. मधुमेह, टीबी किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगा. पिवळा पू, ताप किंवा काखेत गाठ आली तर जखम पिकली आहे, त्याचा उपचार वेगळा.

चुना, रॉकेल, गरम राख लावू नका. भाजलेल्यावर भाजणं होतं.

पुढच्या हंगामासाठी. बिबा बोटांत धरून दगडावर ठेवला आणि हातोडी मारली की टरफलाच्या कप्प्यांतला चीक पिचकारीसारखा उडतो. म्हणून बी धरायला सांडशी किंवा लांब चिमटा, डोळ्यांना चष्मा, बाह्या मनगटापर्यंत. दवाखान्यातले पातळ रबरी मोजे कुचकामी, चीक त्यांतून आरपार जातो. जाड नायट्राइलचे मोजे घ्या, आत सुती मोजे घाला आणि फाटले किंवा चिकट झाले की टाकून द्या. हाताला तेल किंवा राख चोळून बसण्याची रीत आहे. तिने चीक चिकटणं थोडं कमी होतं, थांबत नाही.

चीक लागलाच तर घड्याळ महत्त्वाचं. पहिल्या दहा मिनिटांत धुतला तर बराच निघतो, अर्ध्या तासाने फार थोडा, कारण तोवर तो कातडीत मुरलेला असतो. आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्या, पुसून पसरवू नका. मग भांडी घासायचा साबण आणि भरपूर वाहतं पाणी, नखांच्या आतपर्यंत. तेल लावायचंच असेल तर ते इथे, साबणाच्या आधी. चीक तेलात सुटतो आणि साबण दोन्ही घेऊन जातो. तेल लावून तसंच ठेवलं तर चीक अंगभर फिरतो. म्हणजे तेल चुकीचं नाही, त्याची वेळ चुकते. शौचाला जाण्याच्या *आधी* हात धुवा, नंतर तर धुताच. डोळ्यात उडाला तर १५ मिनिटं सतत पाणी आणि सरळ डोळ्यांचा दवाखाना.

फोडलेली टरफलं चुलीत घालू नका. तेलामुळे ती छान पेटतात, म्हणूनच मोह होतो. धुराबरोबर चिकाचे कण उडतात आणि घरातल्या सगळ्यांचे चेहरे आणि घसे धरतात. खड्डा करून पुरा.

प्रश्न : पायाच्या भेगांना आणि काटा रुतला तिथे बिब्याचा चटका देतात. चालतं का? शिवाय थंडीत दुधात बिब्याचे थेंब घेतात ते?
(शेतकरी वाचक, ता. धारणी, जि. अमरावती)

उत्तर : चटक्याने वेदना दबते कारण तिथली कातडी भाजते. ज्याला एकदा ॲलर्जी बसली त्याला पुढच्या चटक्याला पाय गुडघ्यापर्यंत सुजू शकतो. पहिल्या वेळी काही झालं नाही म्हणजे सोसतो असं नाही. शरीराला तो चीक ‘ओळखायला’ आठ-पंधरा दिवस लागतात, आणि ओळख झाली की जन्मभर राहते. काटा सुईने काढा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, भेगांना व्हॅसलीन.

दुधातले थेंब मात्र मुळीच नकोत. वैद्य बिबा औषधात वापरतात तो विटेच्या भुकटीत घोळवून, तेल काढून, शुद्ध केलेला. दिव्यावर धरून टपकवलेलं कच्चं तेल ते नव्हे. त्याने तोंड आणि गुदद्वार उततं, आणि मूत्रपिंड निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. लघवी कमी किंवा लाल झाली तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात.

प्रश्न : गावरान आंबे चोखले की दर उन्हाळ्यात मुलीच्या ओठांभोवती काळपट पुरळ येतं. आंबा कायमचा सोडायचा का?
(ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : बहुधा नाही. ओठांभोवतीच येतं आणि एक-दोन दिवसांनी येतं, म्हणजे दोष गराचा नसून साल आणि देठातल्या चिकाचा आहे. गावरान आंबा चोखताना सालच तोंडाला घासते. आंबा बोटभर देठ ठेवून झेल्याने उतरवा, मग देठ मोडून फळ उलटं ठेवा म्हणजे चीक सालीवर न ओघळता खाली गळून जाईल. नंतर तास-दोन तास पाण्यात, आणि ते पाणी फेकून द्या. साल दुसऱ्याने काढायची, सालीच्या सुरीनेच फोडी करायच्या नाहीत. रस करताना कोयीला साल चिकटलेली नको. अखजीचा (अक्षय्य तृतीयेचा) रस ती अशा रीतीने खाऊ शकेल. लोणच्याच्या कैऱ्या फोडायला मात्र तिला बसवू नका.

खाता खाता लगेच घसा खाजला, गांधी उठल्या, तर तो वेगळा प्रकार. मग आंबा थांबवून डॉक्टरला दाखवा.

प्रश्न : कोकणातल्या पाहुण्यांनी टरफलासकट काजूबिया आणल्या. आम्ही चुलीवर भाजल्या. दुसऱ्या दिवशी भाजणाऱ्या दोघांचे चेहरे सुजले, डोळे मिटले. खाणाऱ्यांना काही नाही. असं कसं?
(ता. आरमोरी, जि. गडचिरोली)

उत्तर : तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. काजूच्या टरफलात दोन पापुद्र्यांमध्ये मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यात बिब्याच्या चिकाचं सख्खं भावंड भरलेलं असतं. उष्णतेने ते तडतडून उडतं आणि वाफेबरोबर चेहऱ्याला बसतं. खाणाऱ्यांनी फक्त गर खाल्ला, तो स्वच्छ होता. कारखान्यात बिया वाफवून किंवा भाजून मगच फोडतात, आणि दुकानात ‘कच्चा’ म्हणून मिळणारा काजूही त्यातून गेलेला असतो. टरफलाचा कण गरात राहिला तर खाणाऱ्यालाही भोगावं लागतं : १९८२ साली अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात असे काजूचे तुकडे खाऊन ५४ जणांच्या अंगावर पुरळ उठलं होतं.

घरी भाजायच्याच असतील तर अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, लांब दांड्याच्या झाऱ्याने. भाजल्यावर राखेत किंवा मातीत घोळवा म्हणजे वरचं तेल टिपलं जाईल, गार झाल्यावरच फोडा. ज्याला बिबा उततो त्याने आसपास फिरकू नये. त्याला पूर्वी काजू कधी लागला नसेल तरीही, कारण शरीर या दोन चिकांत फरक करत नाही.

प्रश्न : मग बिबा उततो त्या माणसाने काजू खायचा की नाही? आणि शहरातल्या लॅबमध्ये शंभर पदार्थांची ॲलर्जी एका रक्ताच्या थेंबात सांगतात, ती करावी का?
(ता. उमरेड, जि. नागपूर)

उत्तर : सोललेला, भाजलेला काजू खायला सहसा हरकत नाही. बिबा उतणं ही चिकाची ॲलर्जी, गरात चीक नसतो. उलट बाजूनेही तसंच : काजूचा दाणा बाधणारं मूल बहुधा आमरस खाऊ शकतं.

शंभर पदार्थांच्या पॅकेजवर पैसे घालवू नका. रक्तात प्रतिपिंडं सापडली म्हणजे तो पदार्थ बाधतोच असं नसतं. असे अहवाल हातात घेऊन लोक गहू, तूर, दूध सगळं सोडतात आणि मुलं वाळतात. नुसत्या ‘टोटल आयजीई’च्या (रक्तातल्या ॲलर्जीच्या एकूण प्रतिपिंडांच्या) आकड्यावरूनही काय बाधतं ते कळत नाही. काय खाल्लं, किती वेळाने काय झालं, हे आधी वहीत लिहा आणि संशय असलेल्या दोन-तीन पदार्थांचीच तपासणी मागा. दाण्याच्या ॲलर्जीसाठी कातडीवर टोचून करायची चाचणी किंवा त्या दाण्यापुरती रक्ताची आयजीई. टोचण्याच्या चाचणीआधी ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर थांबवाव्या लागतात, डॉक्टरांना विचारून. चिकाच्या ॲलर्जीत ही रक्तचाचणी कोरीच येते. तिथे त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्टी लावून दोन दिवसांनी आणि पुन्हा दोनेक दिवसांनी बघतात. घरी कोपरावर बिबा घासून ‘बघू उततो का’ हा प्रयोग कोणी करू नये. ज्याला आतापर्यंत ॲलर्जी नव्हती त्यालाही तो ती बसवून देऊ शकतो.

चेहरा, मान आणि कोपराच्या खोबणीत दर वर्षी पावसाळ्यात पुरळ येत असेल आणि बिब्याशी, आंब्याशी संबंधच नसेल, तर बांधावरच्या गाजरगवताचा संशय घ्या आणि पट्टीच्या चाचणीत तेही लावायला सांगा.